आवाज बंद करून पाहिलेलं

पडदे ओढलेल्या हॉलमध्ये, भरदुपारच्या पिवळट अंधारात, टीव्हीवर एक मुलगा तोंड फाडून ओरडतो आहे आणि त्याचा आवाज मात्र कुठंच नाही… शारजातलं बालपण आठवू लागलं की आधी हेच चित्र समोर येतं. बाबा हमरियातल्या एका कारखान्यात कायम रात्रपाळीला, त्यामुळे आमच्या घरात दुपार हीच रात्र. बेडरूमच्या बंद दाराआड ते झोपलेले असत. दाराखालच्या फटीतून एसीचा गारवा आणि त्यांच्या कपड्यांत मुरलेला यंत्रतेलाचा वास येत राही. आई कुकरची शिट्टी होऊ देत नसे, फोडण्या संध्याकाळवर ढकलत असे. झोप मोडलेल्या माणसाचा हात यंत्रात जातो, असं तिनं आम्हाला बजावलं होतं. साधा चमचा खाली पडला तरी मी आधी त्या बंद दाराकडे बघे.

शाळेतून आल्यावर मी आणि निखिलदादा जमिनीवर पालथे पडून जपानी कार्टून बघत असू — अ‍ॅनिमे हा शब्द अजून आमच्यापर्यंत पोचायचा होता. सगळं अरबीत डब केलेलं. पण आवाजच बंद म्हटल्यावर भाषेचा प्रश्न आपोआप मिटला होता! शाळेत अरबी विषय होता खरा, पण आमची मजल अक्षरं गिरवण्यापलीकडे गेली नव्हती. आमची आवड घडवली ती या मूकपणानं. आवाज काढून घेतला की बहुतेक लढायांतली हवाच जाई; डोळे वटारलेल्या त्या वीरांची आम्हाला कीव येई. उरत त्या मोजक्या मालिका — जिथं भातावरची वाफ रेखाटताना चित्रकारानं घाई केलेली नसे, सुरी धरलेली बोटं खरी वाटत, चप्पल काढताना माणूस किंचित तोल सावरत असे… अशी एक होती. समुद्रकाठच्या गावात राहणारी एक बाई आणि तिची दोन मुलं, बाकी काही नाही. "नथिंग हॅपन्स, यार," दादा कुरकुरायचा, पण चॅनेल काही बदलायचा नाही.

त्या हिवाळ्यात घरातली शांतता बदलली. सकाळी आम्ही शाळेचे बूट चढवत असताना बाबा कामावरून येत, आणि आई दारातच हलक्या आवाजात विचारी, "आज कोणाला काढलं?"

"इन्शाल्ला, आपल्यापर्यंत येणार नाही," बाबा म्हणत.

बाबांची नोकरी गेली की आपल्या सगळ्यांचाच व्हिसा जातो, हे तिथल्या मुलांना पाढ्यांआधी कळतं. मी आणखी जपून वावरू लागले; जणू माझ्याच एखाद्या आवाजानं घर मोडणार होतं. भीती वाटायची, फार वाटायची.

एका दुपारी बेडरूमचं दार उघडलं. दादानं घाबरून रिमोट उचलला. बाबा येऊन आमच्या मागे जमिनीवर बसले. डोळे टक्क जागे.

"आवाज वाढव."

"बट बाबा, तुमची झोप…"

"आता रात्री जायचं नाहीये. खलास."

स्वयंपाकघरात आईच्या हातून काहीतरी निसटून पडलं, आणि तिला कोणीच हळू म्हणालं नाही.

टीव्हीवर तीच बाई अंगणात उभी होती. आभाळाकडे बघत मुलांना काही सांगत होती. तिचा आवाज मी कल्पिला होता त्याहून घोगरा निघाला.

"बाबा, व्हॉट इज शी सेइंग?" मी विचारलं.

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, "ती म्हणतेय — तुम्ही पुढं व्हा. मी जरा थांबून येते. मग आपण सगळे एकत्रच राहू."

मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

आम्ही तिघं चिंचवडला आलो. बाबांना पुढं तिकडेच, मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पण त्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा होत नव्हता; इतर माणसांबरोबर एका खोलीत राहून ते सुट्टीपुरते घरी येत. ते कायमचे परतले तेव्हा दादा कॅनडात होता, आणि माझी इथल्या, आखातातल्या नोकरीची तयारी चालली होती.

हल्लीच, अल बर्शातल्या माझ्या घरी, फोनवर तो भाग सापडला — खाली इंग्रजी ओळींसकट. बाई अंगणात उभी राहते, वर बघते आणि मुलांना म्हणते : पाऊस येतोय, वाळत घातलेले कपडे आत घ्या. एवढंच. मुलं धावत सुटतात. बाबांचं अरबी यल्ला-खलासच्या फारसं पुढं गेलेलं नव्हतं, हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं!

मी तो प्रसंग पुन्हा लावला, मग आणखी एकदा… ती बाईच काहीतरी चुकीचं बोलते आहे, असं मला वाटत राहिलं.