नवरदेवाच्या पसंतीचं गाणं

माझ्या लग्नाच्या मिरवणुकीला वाटेतल्या पानवाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

चूक नव्वदच्या दशकातल्या इंग्लंडच्या गिटारवाल्या पोरांची. त्यांच्या कॅसेटी मी नालासोपाऱ्यातल्या एका दुकानातून आणायचो. कपाळावर केस, चेहऱ्यावर वैताग, आणि सूर असे की ऐकणाऱ्याला उगाचच आपला प्रेमभंग झाल्यासारखं वाटावं. (माझा झाला नव्हता, त्यासाठी आधी प्रेम लागतं.) कॅसेटमधल्या घडीच्या कागदावर गाण्यांचे शब्द असत. ते वाचूनही अर्थ लागत नसे, म्हणूनच मला ती गाणी फार खोल वाटत.

लग्न ठरल्यावर मी मनाशी पक्कं केलं, की हॉलशी पोचताना यातलं सगळ्यांत हळवं गाणं वाजलं पाहिजे. स्मिताला, म्हणजे होणाऱ्या बायकोला, माझं मन न बोलताच कळेल. बोलून सांगायची माझी छाती नव्हती.

आमच्याकडे वसईत लग्नाला ब्रास बँड हवाच. बँडच्या फ्रान्सिस मास्तरांना मी कॅसेट नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली.

"गानं चांगलं हाय," ते म्हणाले, "पन लग्नात?"

"मास्तर, एक सूरही सोडायचा नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून."

"लगीन तुझं, मर्जी तुझी."

हॉल एव्हरशाईन सिटीत, मुहूर्त बारा सातचा. पावणेबाराला कोपऱ्यावरच्या देवळात पाया पडून, हार घालून मी उघड्या जीपमध्ये बसलो. हॉल पाच मिनिटांवर. मास्तरांनी हात वर केला आणि माझं लाडकं गाणं सुरू झालं.

गिटारवर जे हळवं होतं, ते ट्रम्पेटवर थेट मयताचं झालं. त्यात आमच्याकडे लग्नाला आणि अंत्ययात्रेला बँड तोच. सूर कानी पडताच वाजवणाऱ्यांचे पाय सवयीने मयताच्या चालीत पडले. एक पाऊल, थांबा. दुसरं पाऊल, थांबा. नाचायला म्हणून वर केलेले काकांचे हात वरच राहिले. एका सोसायटीच्या वॉचमनने टोपी काढली. एक स्कूटरवाला खाली उतरून हात जोडून उभा राहिला. पानवाल्याचं तर सांगितलंच.

एक आजोबा काकांजवळ आले. "कोण गेलं हो?"

"गेलं कोणी नाही," काका म्हणाले. "हा चाललाय. लग्नाला."

आजोबांनी माझा हार पाहिला, मग माझा चेहरा पाहिला. त्यांची खात्री पटलेली दिसली नाही.

बारा वाजले तेव्हा आम्ही पिठाच्या गिरणीपाशी होतो. हॉल समोर दिसत होता, जवळ येत नव्हता. वडील मास्तरांना आडवे गेले.

"अहो, मुहूर्त टळतोय. दुसरं काहीतरी वाजवा."

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "नवरदेवाचा हुकूम हाय. अजून दोन कडवी."

वडील माझ्याकडे वळले. "अरे, तुझ्या त्या इंग्लंडवाल्यांना घाई नसेल. आपल्याला आहे."

एकीकडे माझं मन, दुसरीकडे भटजींचं घड्याळ. "मास्तर," मी मान खाली घालून म्हणालो, "तुमचं नेहमीचं घ्या."

मास्तरांनी कोळीगीताचा ठेका धरला. काका उडाले, जीप उडाली, अख्खी मिरवणूक पळत सुटली. मागे हात जोडून उभे असलेले लोक बघतच राहिले. (मयताला इतकं बेभान नाचणारं घराणं त्यांनी पाहिलं नसावं.) बारा सहाला मी धापा टाकत अंतरपाटासमोर उभा होतो, मुंडावळ्या एका कानावर.

पंगतीत मी हळूच स्मिताला विचारलं, "बँड कसा वाटला?"

"मस्त. काय जोरात वाजवत आलात."

"आणि त्याच्या आधीचं?"

"आधी ते कुणाचं तरी मयत चाललं होतं ना? किती रडवेलं वाजवत होते. आईने खिडक्याच लावून घेतल्या, शुभकार्यात कानावर नको म्हणून."

मी जिलेबीचा तुकडा मोडला.

"हो ना," मी म्हणालो, "आम्ही त्यांच्याच मागे अडकलो होतो."