टाचणीमावशीचे पाच शब्द

टाचणीमावशीला खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघणार नाही. जन्मभर ओठांत टाचण्या धरून शिवणकाम केलं, त्यामुळे पडलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तोंडात टाचण्या असताना ती बोलते, हसते, भांडते. एकदा तर शिंकलीसुद्धा. टाचणी एकही पडली नाही, समोरचं गिऱ्हाईक तेवढं घाबरून स्टुलावरून पडलं.

अशा या बाईच्या हातून वकिलाच्या कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लागल्या.

वकील बिचारा न्यायाधीशांसमोर उजवा हात पुढे करायला गेला, तर बाही मागे ओढायला लागली. हात कुणीकडे, बाही कुणीकडे! मुद्दा राहिला बाजूला, अख्खं कोर्ट खो खो हसलं. संध्याकाळी तो कोट घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला तेव्हा मावशीही हसली. पण रात्री जेवताना सून हसली नाही.

"आई, गेल्या महिन्यात चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आता हे. दवाखान्यात साठीच्या पुढच्यांची स्मरणशक्ती तपासताहेत. जाऊन या. डॉक्टर काय म्हणतात ते बघू, तोवर मशीन बंद."

"मशीन बंद? मग मी काय करू? भिंतीकडे बघत बसू?"

"आराम करा."

सुनेने मशीनवर जुनी चादर टाकली. मेल्या माणसावर घालतात तशी चादर घातलीन माझ्या मशीनवर, असं मावशी गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली. आणि तिथेच तिला पोस्टमनकाका भेटले.

पोस्टमनकाका निवृत्त झाले, पण निरोप पोचवायची खोड काही गेली नाही. त्यांची तपासणी आदल्याच आठवड्यात झाली होती आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यापासून ते गल्लीतून छाती काढून फिरत होते.

"काही नाही गं," ते तिला जिन्यात ओढून आवाज खाली आणत म्हणाले, "पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. कंदील, सायकल, केळं, उशी, नदी. पाठ कर आणि जा."

"तुम्हाला कुणी सांगितले?"

"शेजारच्या प्राध्यापकांनी. त्यांना त्यांच्या मेव्हण्याने."

म्हणजे अख्ख्या गल्लीची स्मरणशक्ती उत्तम निघाली होती ती अशी!

मावशी पाठांतराला लागली. भाजी चिरताना कंदील, केर काढताना सायकल, अंघोळीला बसली की केळं, उशी, नदी. आता झाली का पंचाईत? सुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सासू गॅससमोर उभी राहून "उशी, नदी, उशी, नदी" पुटपुटतेय हे बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने नवऱ्याला ऑफिसात फोन केला. "अहो, आईंचं आता हाताबाहेर गेलं. मला म्हणाल्या, आलं दे. मी दिलं, तर त्या म्हणाल्या, कंदील!"

तपासणीच्या दिवशी सून स्वतः बरोबर गेली. दवाखान्याच्या बाकावर मावशी डोळे मिटून ओठ हलवत बसली होती आणि सून तिचा हात घट्ट धरून होती. आत सिस्टरने मावशीला एकटीलाच बोलावलं.

"आजी, शाळा किती झाली?"

"चौथी."

"मग त्याचा विचार करून मार्क धरू. कमी शिकलेल्यांना थोडी सूट असते."

"न शिकल्याचे मार्क मिळतात? आधी कळतं तर तिसरीतच सोडली असती!"

सिस्टर हसली. मग एकेक शब्द सावकाश म्हणाली, "छत्री, कुलूप, हरीण, टोपली, समुद्र. लक्षात ठेवा हं."

पण मावशीचं लक्ष होतंच कुठे! ती आपली आत कंदील-सायकल घोटत बसलेली. मधे घड्याळ काढायला सांगितलं. मावशीने कागद दोनदा दुमडला, घेराचा झगा बेततात तसा, आणि घड्यांवर चार आकडे बसवून बाकीचे मधे भरले. सिस्टरने असं घड्याळ पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आता मघाचे पाच शब्द सांगा बरं."

"कंदील! सायकल! केळं! उशी! नदी!"

सिस्टरचा चेहरा पडला. "आजी... यातला एकही शब्द मी म्हटला नव्हता."

मावशीच्या डोळ्यांपुढे मशीन आलं, चादरीसकट. संपलं! आता लपवून काय फायदा?

"अगं, मला हे जिन्यात मिळाले," ती भडाभडा बोलत सुटली. "महिना झाला पाठ करून. उलटे म्हणून दाखवू? नदी, उशी, केळं, सायकल, कंदील! झोपेत विचार!"

सिस्टरने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून फुटलंच. ती उठून डॉक्टरबाईंना बोलवून आली आणि सुनेलाही आत घेऊन आली. सगळं ऐकल्यावर सून आधी खुर्चीत बसली, मग म्हणाली, "म्हणजे गॅससमोर ते... ते पाठांतर होतं?"

"मग तुला काय वाटलं?"

"जाऊ दे आई, काय वाटलं ते!" म्हणत ती डोळे पुसत हसायला लागली.

डॉक्टरबाई मात्र वस्ताद. "हा पेपर बाद," त्या म्हणाल्या. "आम्ही दर महिन्याला यादी बदलतो ते बरंच. आता वेगळे शब्द देते. मनात काही घोटायचं नाही, फक्त माझं ऐकायचं." या वेळी मावशीने चार शब्द सांगितले आणि पाचवा जरा आठवण करून दिल्यावर. मग सुनेने कोटाची गोष्ट काढली.

"आजी, तो कोट कापलात केव्हा?"

"संध्याकाळी."

"काळा होता?"

"वकिलाचा कोट गुलाबी असतो का?"

"खडूची खूण दिसत होती?"

मावशी पदराने डोळे चोळायला लागली. डॉक्टरबाईंनी तिचा एक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारली. मावशी म्हणाली, "कुठलं कॅलेंडर?"

मोतीबिंदू! तोही चांगला पिकलेला. डॉक्टरबाईंनी सुनेला समजावलं. स्मरणशक्ती सध्या वयाला धरून आहे, वर्षाने पुन्हा बघू. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन होईपर्यंत काळं कापड आणि दिवेलागणीनंतरची कापणी बंद. "आणि मशीन?" मावशीने विचारलं. "मशीनने काय बिघडवलंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सुनेने पायातली चप्पल काढायच्या आधी चादर ओढून काढली आणि कपाटातलं पिवळंधमक कापड मावशीपुढे टाकलं. "माझा झगा, आई. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या हव्यात हं!"

इकडे गल्लीत हाहाकार. मावशीने सगळं ओकल्यामुळे दवाखान्याने ज्याला त्याला फेरतपासणीला बोलावलं होतं. प्राध्यापकांनी दार लावून घेतलं. पोस्टमनकाका तणतणत आले.

"फितूर! घरभेदी! मी तुला शब्द दिले आणि तू..."

मशीनची धडधड चालूच.

काका जरा थांबले, स्टूल जवळ ओढलं, आवाज खाली आणला. "बरं, जाऊ दे. नवे शब्द कुठले आहेत गं?"

मावशीने ओठांतल्या टाचण्या एका कोपऱ्यात सरकवल्या आणि अगदी गरीब चेहरा केला.

"विसरले हो काका. वय झालं ना आता."