श्रावणातलं म्हातारपण

यंत्रमागाच्या शेडात बँकेचे साहेब आले आणि सरकारी पेन्शन योजना समजावून गेले. आत्ता हप्ता भरा, साठीनंतर मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला पैसे. मी सातवीतून शाळा सोडलेला, विशीत हिंगोलीकडून कबनूरला मागावर कामाला आलेला. हात थकले तर खायचं काय, ही धास्ती मला तिशीतच लागलेली. दोघांच्या नावानं मधला हप्ता धरला आणि हरखून घरी आलो.

घरमालकीण आक्का तिच्या दुकानाच्या पायरीवर शेंगा निवडत होती. तिला पेन्शनीचा आकडा सांगितला.

"काय पावणं, एवढ्या पैशात दोघं जगणार व्हय?"

इथं दहा वर्षं झाली, तरी तिच्या लेखी मी पावणाच.

"म्हातारपणी लागतंय किती, आक्का?"

"मग तेवढ्यातच जगून दाव की! फुडचा म्हैना, भाडं धरून."

आणि आम्ही जगलो. भाडं दिलं, वर थोडे पैसे उरलेसुद्धा. मी ते नाचवत आक्काकडं गेलो, तर ती हसून हसून लाल झाली.

"आरं, श्रावण हुता न्हवं! मटण न्हाई, अंडं न्हाई, सोमवारी उपास, त्यो सोडायला माझ्या घरात. श्रावणात कुणीबी म्हातारं हुतंय. आता भादव्यात हुन दाव!"

भादव्यात गणपती आले, पावणे आले, गणपती गेल्यावर मटण आलं. मागाच्या खडखडाटानं माझा कान ठणकायला लागला, त्याचा डॉक्टरचा खर्च झाला. महिना शिल्लक होता आणि पैसे सरले. बायको रिकामा डबा पुसत म्हणाली, "म्हातारपणी असं झालं तर कोणाच्या दारात जायचं? पोराच्या?"

आक्काला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही.

"आन तवा पैसं एवढंच ऱ्हातील, शेंगा म्हागतील. माझं मालक जित्तं हुतं तवापास्नं मी वर्साला एक म्हैना असाच म्हातारपणाच्या पैशात काढतोय. कमी पडलं की डेरीला दूध घालून मिळतंय त्यातलं जास्त बाजूला टाकायचं."

मी बघतच राहिलो. बाजूला टाकलेल्या त्याच पैशांच्या व्याजावर ती आज औषध आणते, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवते, लेकांपुढं हात पसरत नाही. मी म्हातारपणाला नुसताच भीत आलो होतो. ही बाई दर वर्षी तिथं आधीच जाऊन, राहून, काय कमी पडतं ते बघून परत येत होती! देवळात गाभाऱ्यापाशी अंगावर काटा येतो, तसं मला तिच्या पायरीवर झालं.

हप्ता वाढवायला आम्ही दोघं बँकेत गेलो. साहेबांनी नवा आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, "झेपेल का?"

या आकड्यात दर महिन्याचं मटण गेलं, दिवाळीचे कपडे गेले. मी बायकोकडं बघितलं.

"आत्ता झेपंल," ती म्हणाली. "तेव्हा नाही झेपायचं."

मी सही केली.