गच्चीवर वाळवलेला हॅम

इटलीच्या एका बाईने जिवापाड जपलेला हॅम मी दोह्याच्या उन्हात वाळत घातला. अक्कल वसईलाच राहिली असावी, सामानात वजन फार झालं म्हणून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दोह्याच्या मदिनत खलिफा वस्तीत ती आमच्या शेजारी राहायची. तिच्या खोऱ्यात हॅमला, म्हणजे डुकराच्या मांडीला, मीठ लावून धुरी देतात, नवऱ्याच्या गावी नुसतं मीठ आणि डोंगरवारा. खरा हॅम कोणता, यावरून दोघं भांडायची, मग हातात हात घालून फिरायला जायची. कतारात डुक्कर मिळेना, म्हणून तिने बीफची मांडी खारवून एसीच्या खोलीत टांगली. वाळवंटात हॅम होत नाही, असं तिचे वडील म्हणायचे. त्यांना खोटं पाडायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नवऱ्याबरोबर गावी निघाली, येताना वडिलांना घेऊनच येणार होती. किल्ली माझ्याकडे दिली. "एसी चालू ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस."

काही दिवसांनी बघते तर मांडीवर पांढरी बुरशी! सुक्या बोंबलाला बुरशी आली तर काय करायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. व्हिनेगरने खसाखसा धुतली आणि गच्चीवर दोरीला लटकवली.

माझा नवरा म्हणाला, "अगं बाय, तिला फोन तरी कर."

"तिला काय कळतंय खारवणातलं? समुद्र तरी बघितलाय का तिच्या गावाने?"

जुलैचं ऊन ते. चरबी फरशीवर ओघळली, मांडीचं लाकूड झालं.

ती वडिलांना घेऊन आली. मांडी बघून ओरडली, "ती बुरशीच तर राखण करत होती!" म्हाताऱ्याने मांडीवर दारावर करावी तशी टकटक केली, कान लावला, आणि काहीतरी बोलून पोट धरून हसला. तिने मान खाली घालून मला सांगितलं, "म्हणतात, मी सांगितलं नव्हतं?"

मी ती मांडी घरी नेली, हातोडीने फोडली, भिजवली, आमचा वसईचा तिखट बाटली मसाला घालून कुकरला लावली. म्हातारा नाक पुसत दोनदा जेवला. लेक मात्र माझ्याशी बोलेना.

पुढे एकदा माझं पातेलं परत द्यायला आली. पातेलं हातात ठेवून म्हणाली, "पुढच्या सुट्टीत तुझे सुके बोंबील माझ्याकडे ठेवून जा. मी त्यांना रोज पाणी घालीन."