हाताला लागलेली पांढरी पूड

माझे तळहात घामाने भिजतात. थोडेसे दमट होतात असं नव्हे, चांगले ओले होतात, आणि ते थंडीतसुद्धा. लहानपणी आई म्हणायची, मोठी झालीस की जाईल. मी मोठी झाले, पेडण्यातल्या एका हायस्कुलाच्या ऑफिसात लागले, चाळिशी ओलांडली, तरी ते काही गेलं नाही.

ज्याचे हात कोरडे असतात त्याला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. हाताने दाखले लिहायचे असले की मी मनगटाखाली रुमाल घेऊन लिहिते, नाहीतर शाई पसरते. बसमध्ये दांडा धरला की सोडताना तो ओढणीने पुसून घेते. कोणी हात मिळवायला पुढे केला की नमस्कार करते, आणि त्यामुळे माझं नाव फार संस्कारी म्हणून झालं आहे.

दहा-अकरा वर्षांची असताना गणपतीच्या चवथीला शेजारच्या मुलीबरोबर फुगडी घालत होते. फेर वेगात आला आणि माझ्या हातांतून तिचे हात निसटले. ती उंबऱ्यावर जाऊन आपटली, तिची हनुवटी फुटली. मला कोणी ओरडलं नाही. फक्त तिच्या आईने माझे हात उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "अगो, हे तर पाण्यातून काढल्यासारखे!" तेव्हापासून मी फुगडीच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत उभी राहते.

लग्न केलं नाही. त्याला कारण हात नव्हते, पण लोकांना काहीतरी कारण लागतं. भावाच्या घरी राहते, वयनीशी माझं चांगलं पटतं, आणि त्यांच्या मुलीला, माझ्या पुतणीला, इकडे तिकडे नेण्याआणण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलेलं आहे.

पुतणी बारा वर्षांची झाली तेव्हा तिने भिंतीवर चढायला शिकायचा हट्ट धरला. म्हापशाबाहेर काजूच्या एका जुन्या गोदामात कोणीतरी तसली भिंत उभी केली होती. आत आडव्यातिडव्या प्लायवूडच्या भिंती, त्यांवर हातापायांनी धरायला रंगीबेरंगी खडे स्क्रूने बसवलेले, आणि खाली पडलं तरी लागू नये म्हणून जाड मॅट अंथरलेल्या. दर रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवरून न्यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसून राहायची.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिथले शिकवणारे सर माझ्याकडे आले. तिशीचे असतील. म्हणाले, "तुम्ही नुसत्या बसून कंटाळत असाल. एकदा चढून बघा ना."

मी म्हटलं, "मला नाही जमणार. माझे हात घामेजतात."

ते हसले. "इथे सगळ्यांचेच घामेजतात. म्हणून तर हे असतं," म्हणत त्यांनी कमरेची पिशवी सोडून माझ्यापुढे धरली. आत पांढरी पूड होती. तिला चॉक म्हणतात, पण हा फळ्यावरचा खडू नव्हे. मॅग्नेशियमची एक पूड असते ती, घाम शोषून घेते.

मी दोन्ही हात आत घातले आणि बाहेर काढले. हात कोरडे होते. मी बोटं एकमेकांवर घासून पाहिली, तर त्यांचा आवाज आला, कागदावर कागद घासल्यासारखा. माझ्या स्वतःच्या बोटांचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. सर वाट बघत उभे होते. मग मी भिंतीवरचा एक पिवळा खडा धरला. तो निसटला नाही.

त्यानंतर मी पुतणीच्या मागे लागायला लागले, चल लवकर, उशीर होतो. माझी स्वतःची पिशवी घेतली. एका रंगाच्या खड्यांवरून वर जायची ती एक वाट; मी काही फार उंच चढत नव्हते, सगळ्यात सोप्या वाटाच करायची, पण पूड मात्र सगळ्यांत जास्त वापरायची. चढण्याआधी, चढून आल्यावर, मधेच खाली उडी मारून पुन्हा. मोबाइलवर चढणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून तशी जोरात टाळी मारायलाही शिकले होते. टाळी मारली की समोर पांढरा ढग उठायचा, आणि मला तो ढग फार आवडायचा.

दाराजवळ एक पाटी होती. पूड सुटी नको, कापडी गोळ्यात भरलेली वापरा. हात पिशवीच्या आत झाडा. पिशवीचं तोंड बंद ठेवा. खुणेसाठी भिंतीवर ओढलेल्या रेघा पुसा. उतरल्यावर खडे ब्रशने साफ करा. मी ती पाटी वाचली होती. पण ऑफिसातसुद्धा पाट्या असतात आणि त्या कोण पाळतो ते मला माहीत आहे. शिवाय मनात वाटायचं, माझ्या हातांची गोष्ट वेगळी, मला जरा जास्त लागणारच.

तिथे झाडलोट करायला एक बाई यायची. पन्नाशीच्या पुढची, बारीक चणीची, पदर नाकावरून घेऊन मागे खोचलेला. सगळे तिला मावशी म्हणायचे. मीही म्हणायची आणि पायातल्या चपला बाजूला सरकवून तिला वाट द्यायची. एवढीच आमची ओळख होती.

एका रविवारी पुतणीचा वर्ग सुरू होता आणि मी पाण्याची बाटली भरायला मागच्या दारी गेले. मावशी पायरीवर बसून खोकत होती. खोकला थांबेना. एक हात भिंतीला, एक छातीवर. मी बाटली तिच्या पुढे केली. दोन घोट घेतले तेव्हा कुठे तिला श्वास आला.

"मावशी, काय झाला? बरा नाय?"

"काय नाय गो बाय. धुरळ्यान होता. सवय आसा माका."

मग हळूहळू तिने सांगितलं. माहेर दोडामार्गाकडचं, सासर डिचोलीला. नवरा लोहखनिजाच्या खाणीवर टिप्पर-ट्रक चालवायचा आणि घर ट्रकांच्या रस्त्यालाच. वीस वर्षं रोज दारातली धूळ झाडली, जेवणाच्या ताटावर ताट झाकून वाढलं. खाणी बंद पडल्या तशी धूळ थांबली आणि नवऱ्याचं कामही थांबलं. आता तो कधी कोणाची गाडी चालवतो, कधी घरी असतो. म्हणून ती रोज डिचोलीहून बस धरून इथे येते.

"थंयसलो धुरळो तांबडो होतो, ह्यो पांढरो. तेवढोच फरक," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या हातांकडे पाहून जरा थांबली. "राग मानू नको हां. तुमी टाळी मारतास मां, ता सगळा मॅटीर बसता. मी झाडू मारलंय की परत उठता. पानी मारूक जायना, मॅटी कुजतत म्हणतत."

माझे हात त्या वेळी कोपरापर्यंत पांढरे होते. कुठे लपवावेत ते मला कळेना.

"सरांना सांगितलं नाहीस?"

"सांगान काय करू? काम नको म्हणतीत तर?"

त्या दिवशी मी पुन्हा चढले नाही. पुतणीने विचारलं, "आते, पडलीस काय?" मी नाही म्हटलं. स्कूटर चालवताना सारखं तेच मनात येत होतं, की माझा आनंद हवेत उडत होता आणि कोणाच्या तरी छातीत जाऊन बसत होता. मला ते दिसलं कसं नाही? दर रविवारी तर ती माझ्या समोरूनच जात होती.

पुढच्या रविवारी मी पिशवी घरीच ठेवून गेले. दुसऱ्याच खड्यावरून हात सुटला, धप्पकन मॅटवर पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं. लागलं म्हणून नव्हे. ते कोरडे हात मला इतक्या वर्षांनी मिळाले होते आणि ते सोडायचे कसे हे मला कळत नव्हतं.

सर जवळ येऊन बसले. मी त्यांना मावशीचं सगळं सांगितलं. तिचं काम जाणार नाही असं आधी वचन घेतलं आणि मग सांगितलं. त्यांनी दाराजवळच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाटी मीच लावली. पण कोणाला टोकलं नाही कधी. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून. आणि मावशी खोकते ते मी रोज ऐकतो. मला वाटायचं, सर्दी असेल."

त्यांनी कपाटातून एक बाटली आणली. पातळ चॉक, हाताला चोळलं की वाळून चिकटून बसतं, उडत नाही. पूड लावून लावून माझ्या तळहातावर चिरा पडल्या होत्या, तिथे ते असं झोंबलं की मी ओरडलेच. पण हात कोरडे झाले. दहा मिनिटांपुरते. मग त्यावर कापडी गोळा दाबायचा, तोही पिशवीच्या आत. सर म्हणाले, "आणि एक सांगू? तुम्ही फार लावता. थर जाड झाला की उलट घसरतं." हे मात्र मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

घरी जाऊन मी वयनीच्या जुन्या मलमलच्या ओढण्या कापल्या आणि मशीनवर लिंबाएवढे गोळे शिवले. पूड भरून तोंड घट्ट बांधलं. वयनी म्हणाली, "घरातल्या फाटक्या उशा तशाच पडल्यात, आणि तू भिंतीसाठी शिवतेस!" पण तिने अर्धे स्वतःच शिवून दिले.

ते मी भिंतीकडे वाटले. बहुतेकांनी घेतले. एक उंच मुलगा होता, कॉम्प्युटरवर काम करणारा, सगळ्यात कठीण वाटा तोच चढायचा. तो हातावर सुटी पूड घेऊन फुंकर मारायचा. त्याने गोळा परत केला. "आंटी, मला याने ग्रिप येत नाही. आणि थोडी धूळ तर असणारच ना इथे."

आयुष्यात मी कोणाशी मोठ्याने बोललेली नाही. पण त्या दिवशी बोलले. "असू दे ना. पण ती झाडतं कोण ते एकदा मागच्या दारी जाऊन बघ."

तो गेला नाही. खांदे उडवून पुन्हा भिंतीकडे वळला. मला वाटलं, झालं, फुकट तोंड वाजवलं.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून मावशीला डिचोलीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिला यायचं नव्हतं. "ते आपला नेहमीचाच औषध देतले," म्हणत होती. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला आणि म्हणाले की जुनी धूळ छातीत बसलेली आहे, ती आता निघायची नाही, नवी मात्र जाऊ देऊ नका. झाडू बंद. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "झाडू बंद म्हणजे काम बंद." आणि बसस्टॉपवर माझ्यापासून दूर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, मी भलं करायला गेले आणि तिची भाकरी काढून घेतली.

सरांनी मात्र आपलं वचन पाळलं. मालकाकडे जाऊन धूळ ओढून घेणारं मशीन आणवलं, वर दोन एक्झॉस्ट फॅन बसवले. शेवटची पंधरा मिनिटं चढणं बंद, ज्याने त्याने आपापली वाट ब्रशने साफ करायची आणि आपल्या मॅटवरून मशीन फिरवायचं, असं ठरलं. आणि मावशीला त्यांनी दाराजवळच्या काउंटरवर बसवलं. चढायचे शूज भाड्याने देणं आणि परत घेणं, हे तिचं काम.

पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, कोणी उठ म्हणेल म्हणून. महिन्याभरात ती खुर्ची तिची झाली. कोणाच्या पायाला किती नंबर लागतो ते तिला तोंडपाठ. आणि शूज देताना लोकांच्या चपला ती काउंटरमागे ठेवायला लागली होती. त्या परत मागायला गेलं की विचारायची, "ब्रश मारलास? मगेच चपला मेळतली."

तो उंच मुलगा एकदा घाईत होता. त्याने शूज काउंटरवर ठेवले आणि हात पुढे केला. मावशीने भिंतीकडे बोट दाखवलं. "ती निळी वाट तुझी मां? वयर रेघो कोणी ओडल्यो? पूस आनी ये."

"मावशी, उद्या करतो ना."

"उद्या ये तर. चपला हंयच आसत."

सगळे बघत होते. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग शूज पुन्हा पायात चढवले, ब्रश तोंडात धरला आणि अख्खी वाट चढून प्रत्येक खडा घासत खाली आला. खाली आल्यावर घाम पुसत म्हणाला, "आता?" तिने चपला पुढे सरकवल्या आणि हसताना तिला खोकला आला. त्याने तो ऐकला. पुढच्या वेळी त्याच्या कमरेच्या पिशवीत कापडी गोळा होता. माझ्या हातचा नव्हे, कुठून तरी विकत आणलेला. चालेल.

मावशीचा खोकला पूर्ण गेलेला नाही. दंव पडायला लागलं की वाढतो, तेव्हा ती डबीतली लवंग तोंडात धरून बसते. पण पायरीवर बसून भिंत धरावी लागत नाही. पुतणी आता माझ्यापेक्षा दुप्पट उंच जाते. मी अजून सोप्याच वाटा चढते आणि माझे हात अजून तसेच भिजतात. परवा मी पिशवी मॅटवर उघडीच ठेवून पाणी प्यायला गेले, तर काउंटरवरून हाक आली, साऱ्या गोदामाला ऐकू जाईल अशी.

"बाय, तोंड बंद कर!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी धावत जाऊन पिशवीची दोरी ओढली.