अंजनीच्या ताटातली हद्दपारी

दिवेलागण जवळ आली की अंजनी उगाच आतबाहेर करू लागायची. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्या दोन खोल्यांत आतबाहेर करायला जागा फार नव्हती, पण ती करायची. तिची दीड महिन्याची पोर रोज याच सुमाराला पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, लालबुंद व्हायची आणि जेवणवेळ टळून जाईपर्यंत रडायची. बेंबीभोवती हिंग लावून झाला, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून झालं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. पोर कशालाच दाद देईना.

अंजनीला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासू आली होती. द्रौपदी, बदलापूरजवळच्या गावची. तिची तपासाची रीत सरळ होती. पोर रडली की आरोपी सुनेच्या ताटात शोधायचा.

“काल काय खाल्लंस?”

“तुम्ही वाढलंत तेच, आत्या.”

“वांगं होतं ना? मग झालं. वातूळ.”

वांगं गेलं. पाठोपाठ बटाटा गेला, कोबी, वाल, हरभऱ्याची डाळ. सुकटीचं तर नावही काढायचं नाही असं ठरलं. शेजारची लाजवंती आंटी दारातूनच म्हणाली, “आलू तो मैंने भी खाया था. मेरा लड़का देखो, आज ट्रक चलाता है.” ही साक्ष बटाट्याच्या बाजूची की विरुद्ध, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी ताटात मऊ भात, तूप आणि दूध उरलं. दुधावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. घरच्या म्हशीचं दूध, मोठा दीर महिपती सकाळी किटलीतून आणून द्यायचा. दुधानं दूध वाढतं, तेव्हा सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. पोर जास्त रडली तर दुसऱ्या दिवशी थोडं अधिक.

एवढं करूनही रडं थांबेना, तेव्हा द्रौपदीनं निकाल दिला. “तुझं दूधच बाधतंय तिला. रविवारपर्यंत बघायचं, नाहीतर डब्याचं सुरू करायचं. जयदेव आणेल.”

जयदेव अंबरनाथच्या कारखान्यात होता. पोर रडायला लागल्यापासून त्याला ओव्हरटाइमची गोडी लागली होती. तो म्हणाला, “आई म्हणते तर आणतो.”

अंजनीच्या पदराला दुधाचे डाग पडत होते आणि घरात डब्याची बोलणी चालली होती. दुसऱ्या दिवशी पोरीला उचलून ती दवाखान्यात गेली. सासू मागोमाग होतीच.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, वजन केलं. “बाळ छान वाढतंय. तुमचं दूध मुळीच तोडू नका. तुम्ही काय काय खाता?”

अंजनीनं सांगितलं. यादी छोटीच होती.

“अहो, बाकीचं सगळं खा. दूध तेवढं आठ-दहा दिवस बंद करून बघा. काही बाळांना आईनं घेतलेलं गाईम्हशीचं दूध सोसत नाही. फरक पडेलच असं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे रडं बहुतेक आपोआपच थांबतं.”

द्रौपदीनं हुकूम तंतोतंत पाळला. दुधाचा तांब्या बंद. सकाळी अळिवाची खीर, दुपारी ताकाची कढी. पोर रडतच होती. शनिवारी महिपतीनं नव्या व्यायलेल्या म्हशीचा चीक आणला आणि द्रौपदीनं वेलदोडा घालून खरवस केला.

“खा. अशक्त झालीस. बघितलं ना, दूध सोडूनही काही झालं नाही. उद्या डबा.”

अंजनीनं वडी तोंडाजवळ नेली आणि थांबली.

“आत्या, हा कशाचा केलात?”

“चिकाचा.”

“आणि चीक कुठनं येतो?”

“म्हशीतून येतो. आणखी कुठनं येणार? पण तो पिववत नाही कुणाला. वड्या पडतात त्याच्या. त्याला काय दूध म्हणतात होय?”

“आणि सकाळची खीर?”

“ती खीर होती.”

अंजनीनं ताटली सासूकडे सरकवली. लग्न झाल्यापासून तिनं पुढ्यातलं अन्न असं परत केलं नव्हतं. “तुम्ही खा. मला भाकरी द्या, आणि सुकटीची चटणी. रविवार आणखी एक आठवडा पुढे ढकला.”

“पोरीला काही झालं तर?”

“रोज होतंयच की.”

द्रौपदीनं भाकरी थापली, पण परातीला पुरेसा राग ऐकवून.

तो रविवार गेला. सोमवारी रडं होतं तेवढंच होतं. गुरुवारी पोर थोडी किरकिरली आणि अंगावर पिता पिता झोपली. शुक्रवारीही तसंच. दिवा लागला तरी घरात आवाज नाही, म्हणून द्रौपदी दोनदा उठून पोरीचा श्वास बघून आली. गल्लीत तिनं गुण हिंगाला दिला. लाजवंती म्हणाली, बच्चा बड़ा हो गया. दोघींपैकी कुणालाही खोटं पाडणं अवघड होतं, आणि अंजनीला तेवढी सवड नव्हती. ती भाकरी खात होती.

पुढे ढकललेल्या रविवारी जयदेव कामावरून येताना डबा घेऊन आला. आता गरज उरली नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो दारात उभा राहिला, पोरीकडे बघत, आईकडे बघत.

“ठेव फळीवर,” द्रौपदी म्हणाली. “चहाला होईल.”

अंजनीनं मान वर केली.

“तुला कोरा,” द्रौपदी म्हणाली. “चहातलंही दूधच असतं म्हणे.”