नव्या मशीनवरचे बारा दिवस

आमच्या ऑफिसात नवी सिस्टिम आली तेव्हा सगळे रडकुंडीला आले होते आणि मी एकटी मजेत होते. फाइल कुठं सेव्ह झाली, प्रिंटर का दिसत नाही, कालपर्यंत इथं असलेलं बटण आज कुठं गेलं, असं दिवसभर चालायचं. मी टेबलाटेबलावर जाऊन शिकवायची आणि वर टोमणे मारायची. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं मी साहेबांनासुद्धा तोंडावर ऐकवलं होतं. कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो, ही माझी पक्की समजूत होती. तोच माज मी घरी घेऊन आले.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, शेतकऱ्याच्या घरचे. पण सगळी नोकरी त्यांनी तहसील कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर जुन्या जालन्यात येऊन राहिले. आईचं आणि त्यांचं वय झालं तशी मीही तिथंच राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी दादांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, बोलणं परत येईल अशी आशा धरू नका. डाव्या हातात पेन ठरेना. आम्ही पाटी-पेन्सिल दिली तर त्यांनी ती पलंगाखाली सारून दिली, लहान पोराला दिल्यासारखं वाटलं असेल. मग एका सकाळी ते स्वतःच भिंतीला धरत धरत घरातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्यांनी टाइप केलं, ‘चहात साखर न्हाई.’

आई आणि मी दोघी रडलो. साखर खरंच राहिली होती.

त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा बोलायला लागलं. दादा बोलायचे तसंच लिहायचे. मी मोठ्यानं वाचायची, आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, आणि उत्तर पटलं नाही की कीबोर्ड पुन्हा खडखडायचा. भांडणंसुद्धा व्हायची. एकदा त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या आईचे गुडघे लई दुखून राह्यले, ती तुला सांगत न्हाई, दवाखान्यात ने.’ आई चिडली, पण दवाखान्यात आली. मी ऑफिसातून घरी आले की आधी स्क्रीनकडं बघायची, त्यांनी दिवसभरात काय काय लिहून ठेवलंय ते.

तो कॉम्प्युटर फार जुना होता. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा आणि ही सिस्टिम आता सुरक्षित नाही अशी पाटी रोज दाखवायचा. ती पाटी बघून माझं डोकं उठायचं. दादांनी लिहिलं होतं, ‘जुनंच राहू दे. माझं भागतं.’ मी हसले. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच, असं आईला म्हणाले. दुकानदारानं सांगितलं की नवी सिस्टिम या डब्यात चालणार नाही, म्हणून मी नवाच कॉम्प्युटर घेतला आणि जुना त्यालाच देऊन टाकला. मराठी टाका, एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं मराठी चालू केली, दोन-चार बटणं दाबली, स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटली. मीही मान डोलावली.

पहिल्या संध्याकाळी दादा हौसेनं बसले. बोटं चालली आणि स्क्रीनवर नुसती गिचमिड उमटली. सुट्या मात्रा, सुट्या वेलांट्या, मध्येच एखादं ‘प’ नाहीतर ‘र’. एक शब्द लागेना. दादा थांबले, माझ्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बोट केलं आणि मग कीबोर्डवर चापट मारली. नवीन आहे, सवय होईल, नीट बघून दाबा, असं म्हणून मी ते सगळं पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. मी पुन्हा पुसलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून वैतागून आले होते. ती ऑफिसातली म्हण मी दादांनासुद्धा ऐकवली. चेष्टेत म्हणाले होते, पण आवाज चेष्टेचा नव्हता. त्यांनी कीबोर्ड बाजूला ढकलला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा खुर्चीत.

हळूहळू रागाच्या जागी भीती आली. पुढं कधी बारीक झटका येऊन गेला तर भाषाही जाऊ शकते, असं डॉक्टर पहिल्याच वेळी बोलले होते. मला वाटलं, तेच झालं. एका पानाची प्रिंट काढून मी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती गिचमिड बघितली, स्कॅन करायला लावला, स्कॅनमध्ये नक्की काही दिसलं नाही. वय आहे, असं म्हणून त्यांनी कागद रिपोर्टांच्या फाइलीत लावून दिला.

आईला ते पटत नव्हतं. ती जेमतेम वाचणारी, पण चाळीस वर्षं तिनं त्या माणसाला बघितलेलं.

“त्यांच्या बोटांकडं बघ गं,” ती म्हणाली. “पहिल्यासारखीच चालून राह्यली. अडत न्हाईत कुठं.”

मी तिच्यावर खेकसले. बोटं चालतात म्हणून डोकं चालतं असं नसतं, तुला यातलं काय कळतं, असं म्हणाले. आईनं विषय सोडला.

मग मी दादांना विचारणंच बंद केलं. पेपर वाचून दाखवणं बंद झालं. मान हलवून हो-नाही ते अजून करत होते, पण त्यावरही माझा भरवसा राहिला नाही. भेटायला आलेल्यांना मी त्यांच्या पलंगाशी उभी राहून सांगायची, “त्यांना आता काही कळत नाही.” ते रोज सकाळी खुर्चीत बसून लिहायचे. मी संध्याकाळी येऊन ओटा पुसावा तशी स्क्रीन पुसायची, काय लिहिलंय तिकडं न बघता.

बाराव्या दिवशी दुसरा झटका आला. डावा हातही गेला आणि मानही हलेना. दवाखान्यातून दादा घरी आले ते नुसते डोळ्यांनी बघण्यापुरते.

पाच महिन्यांनी त्यांचे एक जुने सोबती भेटायला आले. तहसीलमध्ये शेजारच्या टेबलावर टायपिंगला होते, आता स्वतःचा टायपिंगचा क्लास चालवतात. आजाराचं सगळं त्यांना नीट बघायचं होतं म्हणून मी फाइल पुढं ठेवली. पानं उलटता उलटता ते त्या प्रिंटवर थांबले. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि त्यांची बोटं गुडघ्यावरच हलायला लागली.

“बाई, हा कचरा न्हाई,” ते म्हणाले. “ही जुन्या टाइपरायटरची बोटं हायत. तुमच्या मशीनमधी कीबोर्ड दुसराच टाकलाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या टाइपरायटरवर मराठी अक्षरांच्या जागा वेगळ्या, नव्या सिस्टिममध्ये वेगळ्या. दादांचा जुना कॉम्प्युटर टाइपरायटरच्या हिशोबानं चालायचा. नवा आला, जागा बदलल्या, आणि दादांची बोटं मात्र आयुष्यभराच्या जागांवरच पडत राहिली. नवी सिस्टिम आली तेव्हा क्लासमध्ये या सोबत्यांचंही असंच झालं होतं, महिनाभर ते रोज चिडत होते. ते उठून आमच्या कॉम्प्युटरपुढं बसले आणि सेटिंगमध्ये जाऊन टाइपरायटरचा जुना कीबोर्ड लावून दिला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नंतर पेन्सिल घेऊन त्यांनी त्या पानावरचं एकेक चिन्ह धरलं. नव्या कीबोर्डवर ते कुठल्या बटणावर आहे ते बघायचं, जुन्यावर त्याच बटणाला कुठलं अक्षर होतं ते कागदावर लिहायचं. आई दारात उभी होती. त्यांनी लिहून झालेला कागद माझ्या हातात दिला, स्वतः वाचला नाही.

‘बोटं बराबर हायेत. मशीन चुकून राह्यलं. पुसू नको. कोणाला तरी दाखव.’

दाखवला होता मी. डॉक्टरांना. वेडाचा पुरावा म्हणून.

बाकीच्या दिवसांत त्यांनी काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही. काही दुखत असेल, काही हवं असेल, मला शिव्या असतील. सगळं मी माझ्या हातानं पुसलं. मला माझी इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

सोबती गेल्यावर मी दादांच्या उशाशी बसले. म्हणाले, “दादा, तुमचं बराबर होतं. मीच चुकले.” ते माझ्याकडं बघत होते. ऐकलं की नाही, कळलं की नाही, काही सांगता येत नव्हतं. आईनं त्यांच्या तोंडाची लाळ पुसली आणि मला म्हणाली, जा, जेवून घे.

त्यानंतर दोन महिन्यांनी दादा गेले. त्या बारा दिवसांतली माझी भीती एकच होती, की यांना आता काही कळत नसेल. आता देवापुढं हात जोडले की मी तेच मागते. निदान मी पलंगाशी उभी राहून जे बोलत होते ते तरी त्यांना कळलेलं नसू दे. आणि कागद तर सांगतो की त्यांना सगळं कळत होतं.